शेजाऱ्याविषयी खरे कसे बोलावे: गोव्यातील घर, बाल्कांव आणि नोटरीचे कार्यालय

दहा आज्ञांमधील बोलण्याविषयीची आज्ञा कॅथॉलिक परंपरेत आठवी मोजतात आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत नववी. मजकूर मात्र एकच आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असे ती आज्ञा सांगते. म्हणजे तिच्यापुढे जे चित्र आहे ते गावच्या वेशीत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीचे आहे. तिथे कुणाचे शेत, कुणाची अब्रू, क्वचित कुणाचा जीवही साक्षीदाराच्या एका वाक्यावर टांगलेला असतो आणि साक्षीदार बोलायला उभा राहिलेला असतो.

त्यामुळे ख्रिस्ती माणसाने खरे का बोलावे, या प्रश्नाला 'माझे मन स्वच्छ राहावे म्हणून' हे उत्तर अपुरे पडते. माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणाचे तरी काही अवलंबून असते आणि ते त्याचे माझ्याकडचे येणे असते. प्रेषित पौलाने इफिस येथील मंडळीला लबाडी टाकून शेजाऱ्याशी खरे बोलायला सांगितले तेव्हा कारणही तिथल्या तिथे दिले: आपण एकमेकांचे अवयव आहोत. पुढचे सारे मार्गदर्शन याच धोरणाने केले आहे. प्रत्येक प्रसंगी शेजारी कोण आणि त्याचे आपल्याकडे काय येणे आहे, हे आधी पाहायचे आणि मगच तोंड उघडायचे किंवा मिटायचे.

गोव्यातील बहुतेक ख्रिस्ती घरांत कोकणी बोलली जाते हे खरे. पण ख्रिस्ती शिकवण मराठीतून सांगण्याची रीत इथे जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. शिवाय पेडणे, डिचोली, सत्तरीकडे एकाच वाड्यावर देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे शेजारी राहतात आणि खोट्या शब्दाची झळ दोघांनाही सारखीच लागते. तेव्हा ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही यातले आपल्या उपयोगाचे खुशाल घ्यावे.

आरंभ एकाच दोषापासून करावा

'आजपासून मी खोटे बोलणार नाही' हा संकल्प सहसा दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण तो नेमका कुठे मोडला हेच कळत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात एकाच दोषाच्या परीक्षणाची जी पद्धत आखून दिली ती जिभेच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. सकाळी उठताच त्या दिवसापुरता एकच दोष डोळ्यांपुढे ठेवायचा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, उठल्यापासूनचा एकेक तास आठवून, तो दोष किती वेळा घडला याची मोजदाद करायची आणि प्रत्येक वेळेसाठी वहीत एक ठिपका द्यायचा. दिवसाला दोन ओळी, वरची दुपारची आणि खालची रात्रीची. मग खालची ओळ वरच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दोष घडला त्याच क्षणी हात छातीवर न्यावा, अशीही एक बारीक सूचना त्यांनी केली आहे. चारचौघांत बसूनही हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि रात्री हिशेब मांडताना तो हातच आठवण करून देतो.

बोलण्यासाठी ही वही वापरताना ठिपक्याशेजारी एकेक शब्द लिहून ठेवावा. समजा, आठवड्यासाठी निवडलेला दोष 'खोट्या सबबी' हा आहे. सोमवारच्या ओळीत 'पूल' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ असा की पायात चपलाही घातल्या नव्हत्या तेव्हा आपण फोनवर 'मांडवीच्या पुलावर अडकलोय' असे सांगितले. पुढच्या ठिपक्याशेजारी 'बॅटरी' असेल, कारण फोन मुद्दाम घेतला नव्हता. त्याच्या पुढे 'ताप'. अशी पाने आठवडाभर भरली की दोषापेक्षा वेगळेच काही दिसू लागते: सबबी बहुधा एकाच दोघा माणसांना सांगितलेल्या असतात. कुणाच्या बाबतीत ते कार्यालयातले साहेब असतात, कुणाच्या बाबतीत घरची माणसेच असतात, कुणाच्या बाबतीत थोरला भाऊ असतो. खोटे बोलण्यामागे दुष्टावा क्वचित असतो. धास्ती पुष्कळदा असते. आणि ती धास्ती दर वेळी समोरच्याच्या अधिकाराच्या प्रमाणात असते असेही नाही. महायाजकाच्या वाड्यात येशूला ओळखत नसल्याचे त्याचा शिष्य पेत्र याने पहिल्यांदा सांगितले ते एका दासीला. त्याला शिक्षा करण्याचा कोणताही अधिकार तिच्याकडे नव्हता.

आपली धास्ती कोणाविषयी आहे हे कळले की अर्धे काम झाले. पुढच्या आठवड्यात त्या एका माणसापुरताच नियम करावा: यांना उशिराचे खरे कारण सांगायचे, ते कितीही क्षुल्लक असो. 'घरून निघायलाच उशीर झाला' हे वाक्य पहिल्यांदा बोलताना घशात अडकते. नंतर अडकत नाही.

होय, नाही आणि 'बघूया'

डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथांची यादीच दिली आहे: स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमची, स्वतःच्या डोक्याची. त्या काळी कोणती शपथ कितपत बांधते याच्या पायऱ्या पडल्या होत्या, आणि पायऱ्या असल्या म्हणजे माणूस सोयीची पायरी निवडतो. होय तर होय आणि नाही तर नाही एवढेच बोला, या त्याच्या आज्ञेचा रोख त्या सोयीवर आहे. म्हापशाच्या बाजारातही मिलाग्रिस सायबिणीची (मरियामातेची), देव बोडगेश्वराची, पोरांच्या डोक्याची अशा शपथा कानावर पडतात. ज्याला पदोपदी शपथ घ्यावी लागते त्याच्या बिनशपथेच्या शब्दाचा भाव त्याने स्वतःच उतरवलेला असतो. न्यायालयातील शपथ मात्र वेगळी. कॅथॉलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या ती मान्य करतात, क्वेकर आणि मेनोनाइट हे पंथ करत नाहीत, आणि भारतात १९६९ च्या शपथ कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगण्याची मुभा आहे.

रोजच्या व्यवहारात होय आणि नाही यांच्यापेक्षा अधिक घोळ 'बघूया', 'करूया', 'होऊन जाईल' हे शब्द घालतात. नाताळ किंवा चतुर्थी जवळ आली की सुतार, रंगारी आणि शिंपी यांच्याकडे सगळ्यांची कामे एकदम येतात, आणि प्रत्येकाला 'करूया ना, काळजी करू नका' हेच ऐकायला मिळते. काम घेणाऱ्याने असे सांगण्याची सवय लावावी: 'काका, डिसेंबरच्या १५ तारखेच्या आत तुमचे दार बसणार नाही, हातात आधीची तीन घरे आहेत. तुम्हाला दुसरा कोणी मिळाला तर माझा काही राग नाही.' यात गिऱ्हाईक जाते. स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेला शब्द न फिरवणारा माणूस देवाच्या डेऱ्यात राहू शकेल असे पंधराव्या स्तोत्रात म्हटले आहे, ते अशाच नुकसानीविषयी आहे. मात्र एवढ्यावर सगळा भार काम करणाऱ्यावर टाकणे मला पटत नाही. जो मालक खरे 'नाही' ऐकताच आवाज चढवतो तो त्या सुताराला पुढच्या वेळी खोटे 'होय' म्हणायला शिकवत असतो.

दिलेला शब्द पाळता येणार नाही असे दिसताच, मुदत संपण्याआधी, स्वतः फोन करून कळवावे. मुदतीनंतर दिलेले कारण खरे असले तरी समोरच्याच्या काही कामाचे नसते, कारण तोवर त्याच्या हातून दुसरी व्यवस्था करण्याची वेळ गेलेली असते.

ख्रिस्ती मंडळींत एक खास भक्तिमान खोटे चालते, त्याचाही इथे उल्लेख केला पाहिजे. 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असे आपण आजाऱ्याच्या नातेवाइकाला सांगतो आणि रस्ता ओलांडेपर्यंत विसरतो. यावर उपाय सोपा आहे: जमत असेल तर तिथेच उभ्याउभ्या दोन वाक्यांची प्रार्थना करावी, नाहीतर नाव लिहून घ्यावे, आणि यातले काहीच करायचे नसेल तर 'ऐकून वाईट वाटले' एवढेच म्हणावे.

जमीन, वारस आणि किंमत

गोव्यात जिभेची खरी कसोटी जमिनीच्या कागदावर लागते. इथल्या वारसा कायद्यात, पोर्तुगीज नागरी संहितेच्या काळापासून, मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, म्हणून विक्रीच्या वेळी दोघांच्याही सह्या लागतात. आईवडील वारल्यावर वारस कोण आहेत हे नोटरीपुढे दस्त करून जाहीर केले जाते आणि या व्यतिरिक्त दुसरा कोणी वारस नाही असे तिथे सांगितले जाते. आज्ञेतले सारे चित्रच इथे जमून येते: शेजारी आहे, साक्ष आहे आणि जमीनही आहे.

वगळले जाते ते बहुधा दूर असलेल्याला. बेळगावला दिलेली बहीण, बोटीवरचा भाऊ, लंडनला स्थायिक झालेला पुतण्या. 'तिचे लग्न थाटात करून दिले', 'तो काय परत येणार आहे', 'त्यांना काही हरकत नाही' अशी कारणे त्यासाठी तयार असतात. यातली काही कारणे खरीही असतील; बहिणीला खरोखरच वाटा नको असेल. तसे असेल तर तिने तो कायदेशीर रीतीने सोडावा, त्यासाठी वेगळा दस्त होतो. 'बहीण नाही' हे वाक्य मात्र त्यामुळे खरे ठरत नाही.

अशा दस्तावर साक्षीला बोलावणे आले तर नातेसंबंध राखूनही काही गोष्टी करता येतात. मृत माणसाला मुले किती होती हे नावानिशी विचारावे, आणि त्यांतले कोणी आधीच वारले असेल तर त्याच्या मुलांविषयीही विचारावे, कारण नेमकी हीच नातवंडे कागदातून गळतात. मसुदा सहसा इंग्रजीत असतो. तो सहीच्या टेबलावर पहिल्यांदा पाहण्याऐवजी दोन दिवस आधी मागून घ्यावा आणि कळत नसेल तर कुणाकडून तरी मराठीत समजावून घ्यावा. आपल्याला त्या कुटुंबाची पुरेशी माहितीच नसेल तर तसे सरळ सांगावे. आणि नाव गळलेले दिसले तर बोलावे ते असे: 'दादा, यात शालन बायचे नाव दिसत नाही. ते घाला, मी सही करायला त्याच दिवशी येतो.' पुष्कळ सज्जन माणसे इथे वाद टाळायला 'मला त्या दिवशी वेळ नाही' असे सांगून सुटतात. त्याने त्यांची सही वाचते, पण शालन बायचा वाटा वाचत नाही, कारण यजमान दुसरा साक्षीदार शोधतो.

सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या १५ वर्षांच्या निवासी दाखल्याच्या चौकशीतही हेच तारतम्य वापरावे. भाडेकरू कधीपासून राहतो असे विचारले तर आपल्याला आठवते तेवढेच सांगावे. त्याच्यावरच्या लोभापायी आठाची पंधरा वर्षे केली, तर ती जागा ज्याला मिळायला हवी होती तोही आपला शेजारीच असतो. फक्त आपल्याला त्याचा चेहरा ठाऊक नसतो.

किमतीच्या बाबतीत प्रेषितांच्या कृत्यांमधील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट नीट वाचावी. त्यांनी मालमत्ता विकली, आलेल्या पैशांतले काही मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांच्या चरणी आणून ठेवले. पैसे मागे ठेवले म्हणून पेत्राने त्यांना दोष दिलेला नाही. विकण्यापूर्वी ती मालमत्ता तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असे तो हनन्याला स्पष्ट सांगतो. दोष होता तो थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणण्यात. सुमारे तीन तासांनी सप्पीरा आली तेव्हा पेत्राने तिला विक्रीचा आकडा सरळ विचारला आणि तिने नवऱ्याशी ठरवलेलाच आकडा सांगितला. कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, असा व्यवहार ज्या घरांत ठरतो तिथेही रात्री नवराबायको बसून आकडा पाठ करतात. तिथे पत्नीने 'मला विचारले तर मी खरा आकडा सांगेन' एवढे आदल्या रात्रीच सांगून टाकावे. सप्पीराला तशी संधी होती.

बाल्कांवावरचे बोलणे

घराच्या पुढच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, समोरासमोर बांधलेली दोन बाके असतात. संध्याकाळची रोझरी झाली की तिथे माणसे टेकतात, आणि बोलणे गावावर येते. यात वाईट काही नाही. ज्या गावात कुणी कुणाची विचारपूस करत नाही ते गाव मला जास्त भयाण वाटेल. प्रश्न आहे तो विचारपूस कुठे संपते आणि निंदा कुठे सुरू होते हा.

कॅथॉलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात यासाठी तीन दोष वेगळे केले आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात खरा धरणे, हा उतावीळ निवाडा. सबळ कारण नसताना दुसऱ्याचे दोष ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांना सांगणे, ही निंदा. आणि खोटे सांगून कुणाची अब्रू घालवणे व त्याच्याविषयी चुकीचे मत बनवण्यास वाव देणे, हा खोटा आळ. तिसरा दोष कुणीही मान्य करतो. पण मधल्या दोषाशी आपली फार ओळख नाही, कारण 'खरे आहे म्हणून सांगितले' एवढे म्हटले की आपण सुटलो असे वाटते. शेजारच्या मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले आहे हे खरे असेल. तरी ते बाल्कांवावर सांगितल्याने ऐकणाऱ्या चौघांना त्याबाबत काहीही करायचे नसते, आणि तो मुलगा परत येईल तेव्हा पावाच्या रांगेत त्याच्याकडे चार नजरा वळणार हे ठरलेले असते. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला विचारावे: समोरचा माणूस या माहितीचे काय करणार आहे? उत्तर 'काही नाही' असेल तर विषय बदलावा.

उत्तर कधीकधी 'पुष्कळ काही' असेही असते आणि तेव्हा गप्प राहणे चुकते. लग्नासाठी मुलाची चौकशी करायला कुणी आले तर त्याला माहितीची खरी गरज असते. अशा वेळी पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. 'दारू पितो असे म्हणतात, मी स्वतः पाहिलेले नाही' किंवा 'पहिल्या बायकोला मारताना मी या डोळ्यांनी पाहिले आहे' ही दोन्ही वाक्ये प्रामाणिक आहेत. 'म्हणतात' हा शब्द पहिल्या वाक्यातून गाळला तर ते प्रामाणिक राहत नाही. 'चांगले घराणे आहे, बघा तुम्ही' असे गुळमुळीत बोलून मारझोड लपवली, तर ती खोटी साक्ष त्या मुलीच्या विरुद्ध जाते. नीतिसूत्रांत एक व्यवहारी वचन आहे की आपली बाजू आधी मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. घरगुती भांडणाची हकीकत एकाच बाजूकडून ऐकली असेल तर तसे सांगावे.

मोबाइलवर पुढे ढकललेला मजकूर हीदेखील आपली साक्षच असते. 'आला तसा पाठवला' ही सबब साक्षीदाराने द्यायची नसते.

ज्याची तक्रार आहे त्याच्याकडेच आधी जावे, हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम सर्वांना माहीत असतो: प्रथम एकट्याने एकट्याशी, तो ऐकत नसेल तर आणखी एकदोघांना घेऊन, आणि त्यानंतरच मंडळीपुढे. प्रत्यक्षात आपण हा क्रम उलटा चालवतो. आधी सगळ्या वाड्याला कळते आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी. गोव्यात राहून या विषयावर लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाने इन्क्विझिशनचा उल्लेख टाळला तर तो ज्या गुणाविषयी लिहितो आहे त्यालाच धरून वागला नाही असे होईल. १५६० साली इथे स्थापन झालेले आणि १८१२ साली कायमचे बंद झालेले हे न्यायासन चर्चच्या नावाने चालले, आणि तिथे आरोपीला आपल्याविरुद्ध कोणी सांगितले याचे नावही कळू दिले जात नसे. आरोप करणाऱ्याच्या तोंडावर पडदा टाकला की चुगली, वैर आणि सावकाराचा राग ही सारी साक्ष म्हणून खपतात. आरोपीची आणि आरोप करणाऱ्यांची समोरासमोर गाठ पडल्याशिवाय कुणाला शिक्षेसाठी सोपवायचे नाही, असा रोमन रिवाज फेस्त या परधर्मी अधिकाऱ्याने पौलाच्या बाबतीत सांगितला आहे. चर्चच्याच न्यायासनाला तो रिवाज पाळता आला नाही.

आज त्याची छोटी आवृत्ती म्हणजे निनावी अर्ज. पंचायतीला, खात्याला, कधी बिशपांना, सही नसलेले पत्र जाते. नाव देण्याची तयारी नसेल तर तो अर्ज का पाठवावासा वाटतो, हे आधी स्वतःशी तपासावे. इथे एक अपवाद मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. मुलांवरील लैंगिक अत्याचार किंवा घरातली मारहाण यांत 'आधी त्याच्याशी एकट्याने बोल' हा सल्ला पीडिताला कधीही देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे, आणि जीव मुठीत धरून माहिती देणाऱ्याने नाव गुप्त ठेवावे असे म्हटले तर त्यात भ्याडपणा नाही.

सांगायचे नसेल तेव्हा

सगळे खरे सगळ्यांना सांगण्याचे बंधन ख्रिस्ती शिकवणीत नाही. ज्याला जाणून घेण्याचा हक्क नाही त्याला सत्य उघड करण्यास कुणी बांधील नाही, असे वर उल्लेखिलेल्या ग्रंथातही म्हटले आहे, आणि कुमसारात, म्हणजे पापाची कबुली देताना, ऐकलेले गुपित तर पाद्रीला कोणत्याही कारणाने फोडता येत नाही. अडचण येते ती गप्प राहण्याने भागत नाही तिथे. इजिप्तच्या राजाने इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले तेव्हा शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी ते केले नाही, आणि राजाने जाब विचारल्यावर इब्री स्त्रिया आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात असे त्यांनी सांगितले. देवाने त्यांचे कल्याण केले असे निर्गमाच्या पुस्तकात लिहिले आहे. संत ऑगस्टिन यांचे मत असे की खोटे कधीच क्षम्य नाही आणि सुइणींना फळ मिळाले ते त्यांच्या दयेचे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी अपायकारक, उपकारक आणि थट्टेचे असे खोट्याचे प्रकार पाडले. पैकी पहिला सर्वांत गंभीर ठरवला, तरी बाकीचे दोन त्यांनी निर्दोष मानले नाहीत. या वादाचा निकाल इथे लावण्याची गरज नाही, कारण आपल्यापैकी कुणाच्या दारात फारोचे, म्हणजे त्या इजिप्तच्या राजाचे, शिपाई सहसा येत नाहीत. मोठ्या अपवादाची उदाहरणे आपण आणतो ती पुष्कळदा छोट्या सबबी झाकायला.

नेहमीच्या प्रसंगांसाठी दोनतीन वाक्ये जिभेवर बसवून ठेवावीत. 'ते माझे सांगायचे नाही, तुम्ही त्यांनाच विचारा.' 'मला माहीत आहे, पण मी शब्द दिला आहे.' 'या विषयावर मी बोलणार नाही.' 'मला काही ठाऊक नाही' यापेक्षा ती बोलायला अवघड वाटतात, पण ती ऐकणाऱ्याला फसवत नाहीत. आजाऱ्यापाशीही हेच. 'मी बरी होईन ना?' असे आजीने विचारले तर 'हो, अगदी ठणठणीत' असे म्हणण्यापूर्वी थांबावे. 'आजी, डॉक्टर काय म्हणाले ते तुला सगळे ऐकायचे आहे का?' असे विचारल्यावर ती 'नको बाबा' म्हणाली तर तो तिचा निर्णय झाला, आणि 'सांग' म्हणाली तर ते तिचे आपल्याकडचे येणे झाले. तिच्या वतीने आपण ठरवून टाकतो तेव्हा प्रेमापेक्षा आपली स्वतःची सोय पाहत असतो, असे माझे मत आहे.

बाजाराविषयी फार लिहिण्याजोगे नाही. २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिन या रसायनाचा विषय निघाल्यापासून गिऱ्हाईक 'हे बाहेरचे की इथले?' असे विचारते. त्याचे उत्तर त्याला मिळाले पाहिजे. 'बर्फातले आहे, बाय, कालचे. आमटीला चालेल, भाजायला घेऊ नकोस' असे सांगणाऱ्या मावशीपुढे गिऱ्हाइकांची रांग लागते की नाही हा वेगळा प्रश्न. रांग लागत नसली तरी तिने तेच सांगावे.

बोललेले भरून काढणे

खोटे बोलून झाल्यावर क्षमा मागितली आणि पाद्रींनी कुमसारात ती दिली, तरी नुकसान भरून देण्याची जबाबदारी संपत नाही. जकातदार जक्कयाने येशूपुढे उभे राहून कुणाला फसवून घेतलेले चौपट परत करतो असे सांगितले. पैशांच्या बाबतीत हे करता येते. अब्रूचे तसे होत नाही, म्हणून तिथे निदान ज्या जागी बोललो त्या जागी परत बोलावे. चौघांपुढे आळ घेतला असेल तर चौघांपुढेच मागे घ्यावा. मोबाइलवरच्या गटात लिहिले असेल तर त्याच गटात लिहावे, आणि तो मजकूर नुसता पुसून टाकू नये, कारण ज्यांनी वाचला त्यांच्या मनातून तो पुसला जात नाही.

दुरुस्तीचे वाक्य छोटे ठेवावे. 'गेल्या रविवारी मी अमक्याच्या हिशेबाविषयी जे बोललो ते चूक होते. पावत्या मी नंतर पाहिल्या, हिशेब बरोबर आहे.' यापुढे 'पण मला तसे सांगण्यात आले होते', 'पण त्यांचे वागणेही' असे एकही 'पण' जोडू नये. ज्याची निंदा झाली त्याला ती अद्याप कळलेलीच नसेल तर त्याच्याकडे जाऊन सारे सांगत बसण्याची घाई करू नये. त्याने आपले मन हलके होते आणि त्याचे जड होते. ऐकणाऱ्यांकडे जाऊन ती आधी निस्तरावी. निंदा खरी असेल तर शब्द मागे घेता येत नाहीत. अशा वेळी 'ते सांगायला मला काही कारण नव्हते, कृपा करून पुढे नेऊ नका' एवढे म्हणता येते, आणि त्या माणसाचे जे चांगले आपल्याला ठाऊक आहे ते त्याच बैठकीत सांगता येते.

साक्ष कागदावर असेल तर भरपाईही कागदावरच करावी लागते. वारसाच्या दस्तात नाव गळले असल्याचे सही केल्यावर कळले तर गळलेल्या वारसाला स्वतः कळवावे, दस्त दुरुस्त किंवा रद्द करण्यासाठी वकिलाकडे जावे आणि गरज पडल्यास न्यायालयात उभे राहून खरे सांगावे, मग त्यासाठी नातलगांचे बोलणे ऐकावे लागले तरी चालेल. ज्याचे नुकसान झाले तो या जगात राहिला नसेल तर त्याच्या मुलांना सांगावे. वाटा त्यांच्याकडे जातो आणि खरे ऐकण्याचा हक्कही.